दोघांतला एक

पोटात दोन मुलं आहेत हे माणिकला सगळ्यांच्या शेवटी कळलं. पहिला मुलगा झाला, दाईनं नाळ कापून त्याला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं, आणि माणिक सुटल्यासारखी डोळे मिटून पडली. तेव्हा दाई खालच्या मजल्यावरच्या भाभींना म्हणाली, "पानी और चढ़ाओ. अभी एक है." माणिकला वाटलं, बादलीबद्दल चाललंय.

बाहेरच्या खोलीत तिचे सासरे, तात्या, खुर्चीत बसले होते. त्यांना ऐकू येत नसे. भाभी बाहेर गेल्या आणि त्यांनी दोन बोटं वर केली. तात्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा पेपर उघडला. मग भाभींनी एकामागून एक दोन्ही पोरं आणून त्यांच्या समोर धरली, तेव्हा म्हातारा उठून उभा राहिला.

हे छप्पन्न सालच्या नवरात्रातलं. माणिकचं माहेर नागपूरचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तशी तिची वहिनी डिंक-खारकाही आणून बसली होती. पण त्या वर्षी राज्यांची नवी आखणी झाली. नागपूर मुंबई राज्यात जाणार असं ठरलं, भावाचं सचिवालयातलं खातं मुंबईला हलणार म्हणून तो तिकडे खोली शोधायला गेला, आणि वहिनी पोरांना घेऊन तिच्या माहेरी अमरावतीला राहायला गेली. आई-वडील आधीच गेलेले. माणिकला माहेर म्हणून जायला जागाच उरली नाही. उज्जैनलाच काय ते होऊ दे, असं श्रीधर म्हणाला.

श्रीधर तिचा नवरा. मध्यभारत सरकारच्या नोकरीत कारकून. त्याच्या घराण्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या शिंदेशाहीच्या चाकरीत. तात्यांनीही संस्थान विलीन होईपर्यंत देवस्थानांचं काम पाहिलं. आता ते संस्थान गेलं होतं, आणि त्याच्या जागी आलेलं मध्यभारतही जायला निघालं होतं. ऐन दिवाळीच्या अमावास्येला नवं राज्य झालं, राजधानी भोपाळ. भाऊबीज झाली आणि श्रीधरनं वळकटी बांधायला घेतली.

"क्वार्टर मिळालं की नेतो तुम्हाला," तो म्हणाला. "अभी तरी तिथं कुणालाच जागा नाही. साहेबलोक पण एकेका खोलीत चार-चार राहतायत."

"आणि तोवर?"

"तात्या आहेत ना घरात."

दोघांनीही तात्यांकडे पाहिलं. तात्या खिडकीशी बसून पेपर वाचत होते. आपल्याबद्दल काही बोलणं झालं याचा त्यांना पत्ताही नव्हता.

उज्जैनच्या फ्रीगंजमधलं ते घर म्हणजे माडीवरच्या दोन खोल्या आणि पुढे एक अरुंद गॅलरी. नळ खाली. माणिक पाणी वर आणायची, दुपटी धुवायला पुन्हा खाली जायची, आणि जिन्यात असतानाच वरून एकाचं रडणं सुरू व्हायचं. त्याला घेईपर्यंत दुसरा उठायचा. थोरला सुहास, पाच-सात मिनिटांनी धाकटा जयंत. सुहास भरलेला, हावरा. जयंत बारीक, दूध ओढताना दमून झोपणारा. सुहासचं पोट भरेपर्यंत त्याची पाळी यायची नाही, आणि पाळी आली की तो झोपलेला असायचा.

बघायला माणसं पुष्कळ आली. महाराष्ट्र समाजातल्या बायका आल्या, श्रीधरच्या ऑफिसातल्या मागे राहिलेल्यांच्या बायका आल्या, खालच्या भाभी तर रोजच डोकावत. "क्या भाग हैं बहूजी के! लव-कुश आए हैं," असं म्हणून भाभी मीठ-मोहरी उतरवायच्या. बाकीच्याही सगळ्या तेच म्हणायच्या. लवकुश. भाग्याची आहेस. एका फटक्यात दोन मुलगे. मग चहा घेऊन, दोघांच्या हातात काहीतरी ठेवून त्या जायच्या. माणिकला एकीला तरी सांगावंसं वाटे की मला भीती वाटते, मला हे झेपत नाही, कधी कधी दोघं रडत असतात आणि मी भिंतीला टेकून नुसती बघत बसते. पण भाग्याच्या बाईनं असं कसं बोलायचं? ती हसून कुंकू लावायची. एकदा मनात आलं, सीतेला निदान आश्रमातल्या बायका तरी होत्या.

एका संध्याकाळी गवळ्याला "कल से आधा सेर ज़्यादा" म्हणताना तिला आपला आवाज घोगरा वाटला. खाकरून पुन्हा बोलली. मग लक्षात आलं, दिवसभरात मोठ्या माणसाशी बोललेले हे पहिले शब्द.

तात्यांशी ती बोलत नसे असं नाही. पण सासऱ्यांसमोर एरवीही सून हळूच बोलणार, आणि तात्यांना तर ओरडूनच सांगावं लागे. सासऱ्यांवर ओरडायचं कसं? त्यामुळे ताट वाढलं की ती दाराची कडी वाजवायची, म्हणजे खरं तर हलवायची. ती हललेली दिसली की ते उठून यायचे. जेवून झालं की "छान झालं होतं, सूनबाई," एवढं म्हणायचे. रोज तेच. भाजी खारट झाली असली तरी तेच.

मार्गशीर्षात थंडी वाढली. एकदा ती जयंतला न्हाऊ घालत होती. सुहास बाहेरच्या खोलीत चटईवर रडून लालबुंद झाला, आणि हातभर अंतरावर तात्या शांतपणे वाचत बसले होते. माणिक ओल्या हातांनी बाहेर आली. तिला राग आला होता, आणि कुणावर यायला हवा हे कळत नव्हतं. तिनं सुहासला उचललं, तात्यांच्या हातातला पेपर बाजूला केला आणि पोर त्यांच्या छातीवर ठेवलं. आत निघून गेली.

न्हाणं आटोपून आली तेव्हा तात्या खुर्चीत मागे रेलले होते. सुहास त्यांच्या कोटावर पालथा झोपला होता.

"रडला की इथं हलतं," तात्या छातीवर हात ठेवून म्हणाले. त्यांचा आवाज बहिऱ्या माणसाचा, मोठा. पण पोर उठलं नाही. "ते कळतं मला. आणत जा." मग जरा वेळानं म्हणाले, "श्रीधरला मी असा कधी घेतला नाही. वडीलधाऱ्यांसमोर आपलं मूल घ्यायची रीत नव्हती आमच्यात."

त्या दिवसापासून दुपारचा थोडा वेळ एकजण तात्यांच्या छातीवर असे. तेवढ्यात माणिकचं जेवण व्हायचं. पण जेवताना समोर कुणी नसायचंच.

संक्रांतीच्या आधी इंदूरहून मीरावन्सं आल्या. श्रीधरची मोठी बहीण. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांच्यासमोर कुणी काही बोलत नसे. उंच, कामाला वाघ, कमी बोलणारी बाई. आल्या आल्या पदर खोचला आणि माणिकला म्हणाल्या, "तू जाऊन झोप." माणिक झोपली ती दिवेलागणीला उठली. उठून बघते तर दोघं न्हाऊन, काजळ-तीट लावून गादीवर पडलेले, आणि चुलीवर वरणाला उकळी आलेली. तिला रडूच आलं. वन्सं म्हणाल्या, "रडू नकोस, दूध आटतं."

आठवडा बरा गेला. जयंतकडे मात्र वन्संचं विशेष लक्ष. त्याला मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं दूध पाजायच्या, ओकला तर पुन्हा पाजायच्या; तासन् तास चालायचं ते. माणिकला तेवढा वेळ कधी मिळालाच नव्हता. पोराच्या गालांवर जरा रंग आला.

संक्रांतीला श्रीधर आला. एका सुट्टीपुरता. भोपाळबद्दल किती बोलू आणि किती नको असं त्याला झालं होतं. जुन्या महालात चादरींचे पडदे लावून ऑफिसं मांडलीयत, ग्वाल्हेरवाले वेगळे बसतात, नागपूरवाले वेगळे, रीवावाल्यांची बोली कुणाला समजत नाही, सगळे मिळून एक खानावळ चालवतात. तो हसत होता. माणिकनं त्याला सांगायचं म्हणून इतके दिवस पुष्कळ साठवलं होतं. सुहास पहिल्यांदा हसला ते. जिन्यात ती एकदा पाय घसरून बसली आणि मग उठवेचना ते. पण त्याच्या गोष्टींपुढे ते सांगण्यासारखं काही वाटेना. तो विचारी, "आणि इथं काय नवीन?" ती म्हणे, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मीरावन्सं म्हणाल्या, "श्रीधर, मी बोलू का एक? जयंतला मी घेऊन जाते इंदूरला. तुझं क्वार्टर होईपर्यंत. हिच्याच्यानं दोघं होत नाहीत, आणि हा पोर हडकतोय."

श्रीधरनं माणिककडे पाहिलं. "तुला कसं वाटतं?"

त्यानं विचारलं खरं, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटका आधीच दिसत होती. माणिकच्याही मनात तीच होती. वन्सं बोलल्या ते खोटं नव्हतं. तिनं मान हलवली.

"मग झालं तर," श्रीधर म्हणाला. "अक्का काही परकी नाही. इंदूर कितीसं लांब आहे!"

दुपारच्या बसनं वन्सं जयंतला शालीत गुंडाळून गेल्या. संध्याकाळी श्रीधर भोपाळला गेला. माणिकनं एकट्या सुहासला पाजलं, झोपवलं, आणि तिला वाटलं, किती हलकं झालं. मग अंथरूण घालताना तिनं नेहमीसारखी दोन दुपटी पसरली.

हलकं काही झालं नाही. छाती दोघांच्या दुधानं भरून यायची, ठणकायची. पिळून टाकावं लागे. सुहास आता रडला तर थांबत नसे. मधे कधी तरी ती दचकून उठायची, जिन्यातून जयंतचं रडणं ऐकू आल्यासारखं वाटायचं. शेजारी कुणी विचारलं तर ती सांगायची, "इंदौर गया है, बुआ के पास." लोक म्हणायचे, "अच्छा किया." सगळ्यांनाच ते अच्छा वाटत होतं.

तात्यांना मात्र कुणी काही सांगितलंच नव्हतं. वन्सं निघाल्या तेव्हा ते दुपारची झोप घेत होते. दुपारी एक पोर छातीवर येई, त्यावरून दुसरं आत झोपलं असेल अशी त्यांची समजूत. रोज सुहासच येतोय हे त्यांच्या ध्यानात यायला थोडे दिवस गेले. मग एकदा ताटावरून उठताना ते म्हणाले, "सूनबाई, दुसरा कुठाय? बारका?"

माणिक जवळ गेली. हळू बोलून भागणार नव्हतं. वन्संनी काही दिवसांसाठी सांभाळायला नेलंय, क्वार्टर मिळालं की परत आणायचाय, एवढं सगळं त्यांच्या कानात ओरडणं शक्य नव्हतं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जेवढं थोडक्यात सांगता येईल तेवढं ओरडून सांगितलं.

"मीरावन्संना दिला!"

दिला. तो शब्द खोलीभर झाला. खाली भाभींचं भांडी घासणं थांबलं. माणिकला वाटलं, हे आपण बोललोच नाही, दुसरंच कुणी बोललं.

"दिला?" तात्या म्हणाले. "कुणी दिला?"

ती तशीच उभी राहिली. तात्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "मला विचारलं नाही कुणी," ते म्हणाले. रागानं नाही. "ऐकू येत नाही मला. पण विचारायचं होतं." आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर दोन-तीन दिवस ती घरकाम करत राहिली. मनात काही ठरवतेय असं तिलाही कळत नव्हतं. मग एका सकाळी ती खाली जाऊन भाभींना विचारून आली, इंदूरची मोटर देवास गेटवरून केव्हा सुटते. एकटीनं ती कधी टांग्यातही बसली नव्हती. सुहासला स्वेटर चढवला, टोपडं बांधलं, दोन कोरडी दुपटी पिशवीत घातली. तात्या बघत होते.

"कुठं?"

"इंदूर!" ती ओरडली. आता ओरडायला तिला काही वाटलं नाही.

तात्या उठले. खुंटीवरचा कोट घातला, टोपी घातली, काठी घेतली. "परत येताना दोन असतील," ते म्हणाले. "तू एकटी दोन कशी धरशील?"

टांगा पुलावरून देवास गेटला आला. बसमध्ये तात्यांनी सुहासला कोटाच्या आत घेतलं आणि इंदूरपर्यंत तसंच धरून ठेवलं. माणिक खिडकीशी बसून गव्हाची शेतं बघत होती. तिथं जाऊन काय बोलायचं याची वाक्यं ती जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्य वन्संना लागेल असंच होतं.

रामबागेतल्या त्या घराचं दार मीरावन्संनीच उघडलं. कडेवर जयंत होता. माणिकनं त्याला लगेच ओळखलं नाही. गुबगुबीत झाला होता. अंगात लोकरीचा निळा स्वेटर, केस तेलानं चापून बसवलेले. त्यानं माणिककडे पाहिलं, अनोळखी बाईकडे बघावं तसं, आणि वन्संच्या खांद्यात तोंड लपवलं.

वन्संनी वडिलांना पाहिलं, पिशवी पाहिली, आणि त्यांना समजलं.

"माझं काही चुकलं का, माणिक?"

"नाही, वन्सं."

"बघ कसा झालाय. वजन किती वाढलंय. ओकत नाही आता."

"दिसतंय मला."

"मग?"

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही माणिकला आठवेना. "मला नेऊ द्या," ती म्हणाली.

घरात कुणी नव्हतं. त्यांचे यजमान गिरणीत गेलेले. मागच्या दारी दोरीवर छोटी छोटी लंगोटं एका ओळीत वाळत होती. खोली इतकी नीटनेटकी होती की कुठं पाय ठेवावा असं वाटावं. या बाईनं इतकी वर्षं अशाच घरात दिवस काढले असणार, हे माणिकला तिथं उभ्या उभ्या कळलं. आपण पुन्हा तेच घर त्यांच्या हवाली करून चाललोय हेही कळलं. तरी तिनं हात पुढे केले.

"आजचा दिवस राहा," वन्सं म्हणाल्या. "उद्या ने. आत्ताच दूध प्यायलाय, बसमध्ये ओकेल."

"राहिले तर मला नेता येणार नाही."

वन्सं आत गेल्या. लंगोटं काढून घड्या केल्या, दुधाची बाटली बांधली. स्वेटर काढायला हात लावला आणि मग म्हणाल्या, "थंडी आहे. असू दे अंगात." बाहेर येऊन त्यांनी पोर माणिककडे दिलं नाही, वडिलांकडे दिलं. तात्यांनी त्याला घेतलं, आणि दुसऱ्या हातानं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मीरावन्सं लहान मुलीसारख्या मान खाली घालून उभ्या राहिल्या.

परतीच्या वाटेवर जयंत निम्म्या वाटेवरच्या सांवेरपर्यंत रडत होता. माणिकनं पाजायला घेतलं तर त्यानं तोंड फिरवलं. बसमधल्या बायका म्हणाल्या, "माँ को नहीं पहचानता क्या?" दोघं भाऊ एकमेकांना बघून हसले वगैरे असं काही झालं नाही. सुहास झोपला होता. सांवेरच्या पुढे जयंत दमला, आणि दमून का होईना, तिच्या छातीशी लागला.

पुढचे महिने सोपे गेले असं नाही. पाणी तसंच वर आणायचं होतं, जिना तोच होता. जयंत पुन्हा थोडा वाळला. वन्संच्या हातचं त्याला जे मिळालं ते आपण देऊ शकत नाही हे माणिक रोज बघत होती. फरक एवढाच झाला की तात्या आता दोघांनाही घेऊन बसत, आणि माणिक त्यांच्याशी ओरडून बोलू लागली. गवळी आला नाही, जयंतला दात येतोय, असलं काहीबाही. खाली भाभींना वाटे भांडण चाललंय.

होळीला श्रीधर आला. दोघांना बघून आधी खूश झाला. "मला विचारायचं तरी," मग म्हणाला.

"तुम्ही इथं नव्हता."

"अक्काला काय वाटलं असेल याचा विचार केला का?"

"काय वाटलं ते मी पाहिलंय," माणिक म्हणाली. "तुम्ही नाही पाहिलं."

त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. क्वार्टर मिळायला आणखी एक पावसाळा गेला. भोपाळला गेल्यावर मुलं कित्येक दिवस श्रीधर घरी आला की तात्यांच्या मागे लपत. माणिकला वाटलं होतं, एकत्र राहिलं की हे एकटेपण जाईल. शेजार चांगला मिळाला, सगळे तिच्यासारखेच कुठून कुठून आलेले. श्रीधरही घरात असायचा. पण त्या माडीवरचे महिने त्यानं पाहिले नव्हते, आणि सांगून ते कुणाला दाखवता येत नव्हते. ती सांगायचीही बंद झाली. भोपाळच्या दुसऱ्याच वर्षी तात्या गेले. ते महिने ज्यांनी पाहिले होते ते एकटे तेच.

तात्यांच्या दहाव्या-बाराव्याला येऊन गेल्यावर मीरावन्सं बरीच वर्षं आल्या नाहीत. दिवाळीला बोलावणं जाई, काही ना काही अडचण निघे. मुलांच्या मुंजीला मात्र आल्या. दोन दिवस आधी येऊन लाडू वळले, पंगती वाढल्या, मातृभोजनाच्या वेळी मागच्या ओळीत उभं राहून सगळं पाहिलं. जयंत पाया पडायला आला, तेव्हा त्याच्या हातात पाकीट ठेवलं, सुहासच्या हातात ठेवलं तसंच. त्याच संध्याकाळी निघाल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं; माणिक एकटीच त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला गेली.

टांग्यात बसल्यावर वन्सं म्हणाल्या, "तू तेव्हा आलीस ते बरं केलंस, माणिक."

माणिकनं त्यांची पिशवी उचलून त्यांच्या पायाशी ठेवली.

"आणखी महिना गेला असता," वन्सं म्हणाल्या, "तर मी दिला नसता."

टांगा हलला. माणिक रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभी राहिली, मग घरात आली. आत पानं मांडली जात होती आणि कुणीतरी विचारत होतं की मिठाचं भांडं कुठं ठेवलंय. तिनं ते फडताळातून काढून दिलं.